एका आकड्यासाठी शेंदूरजनाघाटला

वैशालीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. चारच शब्द होते. ‘वही घरी आहे. ये.’

अकरा वर्षांत आमचं बोलणं झालं नव्हतं. मी तिला लांबलचक निरोप लिहिला होता, चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवलेला. त्यात ख्यालीखुशाली होती, तिच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी होती, आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखा, एक प्रश्न होता. खरं तर सगळा निरोप त्या प्रश्नासाठीच होता. ते तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

प्रश्न एका आकड्याचा होता. त्यासाठी माझं काम थोडं सांगायला हवं. आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका एकत्र बांधलेल्या असतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. असे दोन समूह कधी कधी एकमेकांवर येऊन आदळतात. ही टक्कर पुरी व्हायला शंभर कोटी वर्षं लागतात, त्यामुळे ती बघत बसणं कुणाच्याच नशिबात नाही. आम्ही ती संगणकावर घडवून आणतो. टकरीत समूहांमधल्या तापलेल्या वायूत प्रचंड आघातलाटा उठतात. वाटेतले इलेक्ट्रॉन त्या लाटांवर वेग घेतात आणि रेडिओ लहरी सोडू लागतात. दुर्बिणीतून पाहिलं की समूहाच्या कडेला नखाच्या चंद्रकोरीसारखी एक कमान दिसते. आमच्या संगणकातली कमान आणि दुर्बिणीतली कमान जुळते का, एवढ्यासाठी माझी पंधरा वर्षं गेली.

गंमत अशी की लाटांनी नव्याने उचललेल्या इलेक्ट्रॉनांवर भागत नाही. कमान फिकी येते. तिथे आधीपासून पडून असलेले, कधीकाळी कुठल्या दीर्घिकेच्या पोटातून बाहेर फेकलेले आणि थंड होत गेलेले जुने इलेक्ट्रॉन हिशेबात घ्यावे लागतात. त्यांचा माग ठेवणारा प्रोग्रामचा भाग वैशालीने लिहिला होता. आम्ही दोघी एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो, वसतिगृहात एका खोलीत राहिलो, प्रयोगशाळेत एका टेबलावर बसलो. चौथ्या वर्षी तिच्या वडिलांना लकवा मारला. ती आपल्या गावी, शेंदूरजनाघाटला गेली ती परतली नाही. पुढच्या वर्षी आमचा निबंध छापून आला, त्यावर तिचं नाव नव्हतं. काम अर्धवट सोडणाऱ्यांची नावं लावायची नसतात, असं आमचे मार्गदर्शक म्हणाले. मला तेव्हा नोकरी हवी होती. मी मान हलवली. निबंधाच्या शेवटी आभारांच्या ओळीत तिचं नाव बसवलं आणि स्वतःची समजूत घातली.

यंदा आम्ही तीच टक्कर मोठ्या संगणकावर पुन्हा केली. कमान दुर्बिणीतल्या कमानीशी अशी जुळली की बैठकीत टाळ्या पडल्या. मग नव्याने आलेल्या एका सहकारी मुलीने विचारलं, “मेधाताई, इलेक्ट्रॉन अमुक एवढा थंड झाला की त्याला सोडून द्यायचं, ही खालची मर्यादा कुठून आली?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. अकरा वर्षं तो आकडा मी वापरत होते. कुठून आला, मला माहीत नव्हतं.

अकोला

रजेच्या अर्जात मी अकोल्याचं व्याख्यान लिहिलं होतं. तिथल्या एका महाविद्यालयातले वानखडे सर कधीपासून बोलावत होते. निमित्त चांगलं होतं. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता, गाडीतून उतरले तेव्हा थंडी बोचत होती. अकोल्याचा उन्हाळाच ऐकून होते, मी शाल आणली नव्हती. वानखडे सरांनी स्वतःचा मफलर काढून दिला आणि थेट एका टपरीवर नेलं. पोह्यांवर लालभडक तर्री ओतली गेली. आमच्याकडे पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. मी चमचाभर खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाला काळजीने म्हणाला, “म्याडम, तिखट नाई टाकलं हो मी, पावन्या म्हणून.”

व्याख्यानाला हॉल भरला होता. मी कमानीचं चित्र दाखवलं, टकरीची फिल्म दाखवली. पुण्यात अशा वेळी विद्यार्थी आधी आभार मानतात, मग स्वतःला किती येतं ते सांगतात, मग प्रश्न विचारतात. इथे बार्शीटाकळीहून रोज येणारी एक मुलगी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “म्याडम, हे टक्कर आपल्याले जन्मात दिसनार नाई. मंग तुमचं खरं हाये हे कायच्यावरून?”

वानखडे सर संकोचले. मी म्हणाले की आमचं चित्र दुर्बिणीतल्या चित्राशी जुळतं, त्यावरून.

“चुकीच्या कारनानं जुळलं असन तं?”

तसंही असू शकतं, असं मी सांगून टाकलं. मुलीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिने काय लिहिलं असेल, हा विचार पुढे दिवसभर डोक्यात राहिला.

अमरावती

मूर्तिजापूर, बडनेरा करत बस दुपारी अमरावतीला पोचली. वैशाली घ्यायला येणार होती. गर्दीत मी एका सडपातळ, दोन वेण्या घालणाऱ्या मुलीला शोधत होते. आपण स्वतः बेचाळीसच्या झालो हे अशा वेळी लक्षात राहत नाही. मागून आवाज आला, “काय व मेधे, केस पांढरे करून आली!”

ती भरली होती. रंग रापला होता. बोटांच्या टोकांना काळपट चिरा होत्या. मला वाटलं होतं, आम्ही मिठी मारू, किंवा दोघी अवघडून उभ्या राहू. तिने माझी बॅग उचलली आणि चालू लागली. बाहेर तिची पिकअप गाडी होती. अंजनगाव सुर्जीच्या एका माळ्याला संत्र्याची कलमं पोचवून ती तशीच इकडे आली होती. मागे अजून माती सांडलेली होती.

“खाल्लं का काई?”

“अकोल्याला पोहे खाल्ले.”

“थे सकाळी. आता काय खाल्लं?”

मग आम्ही गिला वडा खाल्ला. दह्यात भिजून इतका मऊ झालेला की चमचा टेकताच तुटत होता. समोरासमोर बसून खाताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचं असं बघणं मी विसरले होते.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात ती ‘मले’ म्हणाली तेव्हा वर्गात कुणीतरी फिदीफिदी हसलं होतं. महिन्याभरात तिने भाषा अशी घासूनपुसून घेतली की परका माणूस ती सदाशिव पेठेतली आहे म्हणेल. फक्त भांडताना ‘मले’ यायचं. मी कधी कधी मुद्दाम भांडण काढायचे. आता ती गाडी चालवत होती आणि प्रत्येक वाक्यात मले, तुले, त्याले होतं. रागाचा मागमूस नव्हता. माझ्या ओळखीची वैशाली यातली किती, हे मला ठरवता येईना.

मोर्शी मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, उभी तूर, वेचून उरलेला कापूस. वरुडनंतर सातपुडा निळसर दिसायला लागला, आणि उघड्या खिडकीतून एक वास आत आला. गोड, पण मोगऱ्यासारखा अंगावर न येणारा.

“आंबिया बहार फुटला,” ती म्हणाली. “संत्र्याचं फूल. तुले म्हनत होती ना मी, एकदा ये म्हनून.”

म्हणायची. दर जानेवारीला म्हणायची. दर जानेवारीला माझं काही ना काही काम निघायचं.

शेंदूरजनाघाट, पहिला दिवस

या गावात संत्री पिकतात, पण त्याहून जास्त इथे संत्र्याची झाडं जन्माला येतात. घरोघरी पन्हेऱ्या, म्हणजे रोपवाटिका आहेत. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपाला चीर देऊन तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. वैशालीचे वडील, बाबूजी, या कामात गावात एक नंबर होते. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि जीभही जड झाली. आता ते पन्हेरीच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि डाव्या हाताने खुणा करतात. वैशाली त्या खुणांवरूनच शिकली.

काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, दारातच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“लगन केलं का नाई व तू?”

“केलं होतं, काकू.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “पाय धू. जेवाले बस.”

एवढ्या एका ‘बरं’त त्यांनी जो विषय मिटवला तो पुण्यातल्या माझ्या मावश्यांना सहा वर्षांत मिटवता आलेला नाही. ताटात तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आणि वांग्यांची भाजी होती, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल सोडलेला ठेचा. माझा हात ठेच्यापाशी अडखळला तसे बाबूजी हसले. अर्धाच चेहरा हसला, पण पुरेसं होतं.

जेवण झाल्यावर वैशालीने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत वह्या होत्या. आमच्या खोलीत टेबलावर पडलेल्या असायच्या त्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. तिने हवी ती वही उचलली आणि तिच्या हातात अर्धीच वही आली. उरलेली माती होऊन पेटीच्या तळाशी होती.

“उधई,” ती म्हणाली.

वाळवीने बरोबर शेवटची पानं खाल्ली होती. आम्ही एक एक कपटा जमिनीवर मांडला. एकावर समीकरणाचा डावा भाग होता. एकावर, तिच्याच अक्षरात, ‘मेधाला विचार’ एवढं होतं. पुढचं नव्हतं.

“काय विचारायचं होतं?”

“आता काय सांगू? अकरा वर्सं झाले.” ती कपटे गोळा करू लागली. तिची मान खाली होती. “मले वाटलं होतं वही देईन, तू पायशीन, जाशीन. आता बसाच लागते दोघीयले.”

तिच्या आवाजात वैताग होता. पण मला, खरं सांगते, आनंद झाला. इतका की मी तोंड फिरवलं.

शेंदूरजनाघाट, दुसरा दिवस

सकाळी पन्हेरीत बसलो. तिला डोळे बांधायचे होते. हंगाम संपत आला होता आणि हात थांबवून चालणार नव्हतं. म्हणून ती रोपांच्या रांगेत उकिडवी बसून पुढे सरकत होती आणि मी वही-पेन घेऊन तिच्यामागे. पहिल्याच रांगेत मी माती भरलेल्या ओल्या पिशव्यांवर बसले आणि माझा एकुलता एक बरा सलवार-कमीज चिखलाने भरला. बाबूजींनी लांबून डाव्या हाताने ‘उठ’ अशी खूण केली, तोवर उशीर झाला होता.

पहिला तासभर काही जमेना. ती विसरली होती. संज्ञा आठवत नव्हत्या, चिन्हं उलटसुलट होत होती. मला वाईट वाटू लागलं, आणि ते तिला दिसलं असावं.

“चिन्हं सोड,” ती म्हणाली. “मले गोष्ट सांग. इलेक्ट्रॉन थंडा होते. कावून होते?”

“ऊर्जा रेडिओ लहरींतून निघून जाते. वायूवर आपटूनही जाते.”

“हां. थोडा थंडा झाला का लहरी सोडनं कमी होते. तवा थो लय दिवस टिकते. पन आनखी थंडा झाला, आन् आजूबाजूले गॅस दाट असला, का थे गॅसमंधले कन त्याले धक्के मारू मारू संपवतात. बराबर?”

“बरोबर.”

“आन् गॅस विरळ असला तं?”

“तर टिकतो.”

तिचा चाकू एका रोपावर थांबला. नेहमी सरसर चालणारा हात थांबला तशी बाबूजींनीही मान वर केली.

“मंग मर्यादा सगळीकडं एकच कशी राहीन, मेधे?”

मी तो प्रश्न वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

“दाट जागी येगळी, विरळ जागी येगळी. आपल्या प्रोग्राममंधी एकच आकडा हाये. बाहेरच्या विरळ जागेचा.” तिने चाकू खाली ठेवला. तिने बाबूजींकडे पाहिलं. मग म्हणाली, “आठवलं. बाबूजीच्या लकव्याचा फोन आला थ्या दिवशी. गाडीले तीन तास होते. विरळ जागेचा हिशेब झाला होता माहा, दाट जागेचा राह्यला होता. थोच आकडा सगळीकडं टाकून देल्ला, प्रोग्राम चालला पायजे म्हनून. म्हटलं, वापस आल्यावर सुधारीन.”

पुढचं दोघींनाही माहीत होतं.

दाट जागेचा हिशेब आम्ही त्या दिवशी केला. चिन्हं परत आली; आधी एकेक, मग भराभर. ती मातीत काडीने लिहायची, मी वहीत उतरवून घ्यायचे. एकदा तिने माझी चूक पकडली आणि जुन्या सवयीने माझ्या कपाळावर टिचकी मारली. मातीने भरलेल्या बोटाची. मधेच ती म्हणाली, “तसं नाही गं, वर्गमूळ घे,” आणि ते अगदी पुण्याचं आलं. ते तिच्या लक्षात आलं नाही. मी मान खाली घालून वर्गमूळ घेतलं.

त्या आठवड्यात शेतीची वीज दुपारी यायची. लाइन आली तशी विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि मी मोटरघरात माझा लॅपटॉप जोडला. संपूर्ण टक्कर त्यावर चालणं शक्य नव्हतं. लहानशी, खडबडीत आवृत्ती होती. नवी मर्यादा घातली आणि आम्ही दोघी पाण्याच्या पाइपावर बसलो. लॅपटॉपचा पंखा मोटरीच्या आवाजातही ऐकू येत होता. दोन तासांनी चित्र उमटलं.

कमानीचं बाहेरचं टोक होतं तसंच राहिलं. दक्षिणेचं टोक, दाट वायूतलं, जे दुर्बिणीशी सगळ्यात सुंदर जुळत होतं आणि ज्यावर टाळ्या पडल्या होत्या, ते विझलं होतं.

म्हणजे यंदाचा निकाल अर्धा गेला. आणि दहा वर्षांपूर्वी छापलेल्या निबंधातलाही अर्धा गेला, कारण त्यातही हेच टोक आम्ही मिरवलं होतं. अकोल्याची मुलगी बरोबर होती.

“वैशाली,” मी म्हणाले, “त्या निबंधावर तुझं नाव नव्हतं.”

“माहीत हाये. छापून आला त्याच आठवड्यात वरुडले जाऊन वाचला. आभाराच्या वळीत सापडली मी मले.”

“तू काही बोलली नाहीस.”

“काय बोलू? तुले माहीत नोतं का?”

मोटर चालू होती. पाणी रोपांकडे जात होतं. मला माहीत होतं, आणि तिला हे माहीत होतं, आणि अकरा वर्षं आम्ही दोघी हे एकमेकींपासून लांब राहून सांभाळत आलो होतो. मी सगळं सांगितलं. मार्गदर्शक काय म्हणाले, मी कशी गप्प बसले, नोकरी. रडू येत होतं, पण रडून तिच्याकडून सुटका करून घ्यायची नव्हती.

तिने ऐकून घेतलं. ‘जाऊ दे’ म्हणाली नाही.

“नव्या निबंधावर पहिलं नाव तुझं घालते,” मी म्हणाले.

“नव्यात म्या काय केलं? एक दिवस चिखलात बसली.” मग तिने विचारलं, “जुन्याची दुरुस्ती छापशीन ना?”

“छापावीच लागेल.”

“थिच्यात टाक माहं नाव.”

“दुरुस्तीत? अगं, ती चुकीची कबुली असते.”

“चूक माही होय ना? मंग नाव बी माहं पायजे. आन् तुहं बी. अकरा वर्सं तपासलं नाई तू.”

मी तिला परत येण्याबद्दलही विचारलं. अर्धवेळ, घरूनच, जमेल तसं. ती हसली.

“तुले वाटते मी अठी अडकून राह्यली. पयले तीन वर्सं व्हती अडकलेली. डोळे बांधता बांधता रडे. आता तसं नाई. ही पन्हेरी माही हाये, हात बसला माहा. पुन्यात मले करमनार नाई व.”

“आठवण येत नाही?”

“येते ना. कावून नाई येनार?” ती उठली, मोटर बंद करायला गेली. पाठमोरी असताना म्हणाली, “आज लय बरं वाटलं, मेधे.”

सकाळी बसमध्ये बसले तेव्हा ती खिडकीखाली उभी होती. काकूंनी दिलेली संत्र्यांची पिशवी मांडीवर होती. बस हलली तशी ती लगेच वळली. पुढचं गिऱ्हाईक यायचं होतं. मी मान वळवून बघत राहिले. वरुडपर्यंत फुलांचा वास बसमध्ये होता, मोर्शीच्या पुढे कधी गेला ते कळलं नाही.

पुणे

बैठकीत मी सगळं सांगितलं. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. नवा निबंध लहान झाला, दावा निम्मा झाला, पण आता प्रत्येक आकडा कुठून आला हे आम्हाला सांगता येतं. जुन्याची दुरुस्ती काही आठवड्यांनी आली. जेमतेम अर्धं पान. मर्यादा चुकीची घेतली होती, दक्षिण टोकाचा निष्कर्ष मागे घेत आहोत. वर दोन नावं, पहिलं तिचं.

मी ते पान तिला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

“पाह्यलं,” ती म्हणाली. “छापून घेतलं वरुडले. बाबूजी सकाळपासून हातात घेऊन बसले. त्याइले बोलाचं हाये.”

फोन हातातून हातात गेला. बाबूजींचा श्वास ऐकू आला. मग एकेक शब्द ओढून आणत ते म्हणाले, “दोघीयचं... नाव... संगं... हाये.”

“हो, बाबूजी,” मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.